सोनेरी नाणं आणि सरकारी नखं

धंदा कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी पोर्ट कॅलोवेच्या मेन स्ट्रीटवर लोकांचे पाय तपासतोय. रीतसर शिकलेला पायांचा डॉक्टर आहे मी, भिंतीवर प्रमाणपत्र आहे, खुर्ची वर-खाली होते. गावातली निम्मी माणसं मी चेहऱ्याआधी अंगठ्यावरून ओळखतो. बेकरीवाल्या मायराच्या करंगळीवरची भोवरी मी सात वेळा काढली आहे आणि ती सात वेळा परत आली आहे, यात माझा दोष नाही, तिच्या बुटांचा आहे. अशा माणसाला सरकारने बुधवारी हात दाखवावा, ही गोष्ट मी मुकाट्याने सोसणं शक्यच नव्हतं.

झालं असं, की फेब्रुवारीत आमच्या भागातल्या सरकारी आरोग्यसेवेने बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये 'नखांचा बुधवार' सुरू केला. मॅक्सीन नावाची नर्स यायची, चार प्लास्टिकच्या टबांत कोमट पाणी भरायची आणि म्हाताऱ्या मंडळींची नखं कापून द्यायची. दारात आईस्क्रीमचा रिकामा डबा, त्याच्यावर कागद चिकटवलेला : 'सोनेरी नाणं, जमल्यास'. म्हणजे एक किंवा दोन डॉलर. शाळेची जत्रा असो, चर्चमधलं गाणं असो, आमच्याकडे दारात असा डबा असतोच. टाकलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, आणि न टाकता आत गेलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नव्हता.

माझी बुधवारची वही तीन आठवड्यांत कोरी झाली. मग गुरुवारची. ज्या बायका दर महिन्याला माझ्या खुर्चीत बसून सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, त्या रस्त्यात मला बघून सँडलमधली बोटं आत ओढून घ्यायला लागल्या. मला काय ते दिसत नव्हतं? कापणाऱ्याचा हात मी लांबून ओळखतो. मॅक्सीन नखं सरळ कापते, हे खरं आहे, पण कडा घासत नाही.

माझी बायको नोएलीन शांतपणे म्हणाली, "डेन, ईस्टरपर्यंत वही भरली नाही तर दवाखाना बंद करू. अ‍ॅडलेडला माझ्या बहिणीच्या शेजारचं घर रिकामं होतंय."

तिच्या बहिणीच्या शेजारी. एवढं एकच वाक्य मला जागं करायला पुरेसं होतं.

मी कुंपणाशी गेलो. कुंपणापलीकडे लोथार नित्श्के राहतो. लोथार नगर परिषदेत नियमांचा निरीक्षक होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नियम निवृत्त झालेले नाहीत. माझी कचरापेटी फुटपाथवर चार बोटं पुढे आली की तो अजून शिटी वाजवतो. गावात सगळे त्याला टाळतात, त्यामुळे सल्ला द्यायला तो नेहमी मोकळा असतो.

"सोपं आहे," लोथार म्हणाला. "स्पर्धा आयोगाकडे तक्रार कर. सरकारच्या पैशावर नखं स्वस्तात कापून खासगी माणसाचं दुकान बसवणं, हा स्पर्धेचा गळा घोटणं आहे."

"मग झालं तर."

"थांब, मित्रा. मेख पुढे आहे. सरकारी संस्थेला तो कायदा लागतो तो ती धंदा करत असेल तेवढ्यापुरताच. नुसती आरोग्यसेवा देत असेल तर लागत नाही. तुला आधी सिद्ध करावं लागेल, की मॅक्सीन धंदा करते."

मी म्हटलं, "ती दोन डॉलर घेते."

"घेते की लोक देतात?" लोथारने भुवई उंचावली. नऊ वर्षांत मी त्याला एवढा आनंदात पाहिला नव्हता.

आयोगाचा फॉर्म सतरा पानांचा निघाला. चौथ्याच पानावर प्रश्न : 'आपल्या मते बाजारपेठ कोणती व तिच्या सीमा कोणत्या?' मी लिहिलं, बाजारपेठ म्हणजे पाय. सीमा : पूर्वेला बंदराचा धक्का, पश्चिमेला धान्याची कोठारं. कोठारांपलीकडे गेलं की साठ किलोमीटरवर दुसरा पायांचा डॉक्टर आहे, पण त्याच्याबद्दल मी सभ्य माणसासारखा गप्प बसतो. लोथार म्हणाला, आकडे हवेत. गावची वस्ती आठशे बारा. तो संध्याकाळभर कागद घेऊन बसला आणि म्हणाला, "पाय एक हजार सहाशे एकवीस. तीन जणांना एकेकच आहे." मी तो आकडा लिहिला. सरकारदरबारी काटेकोर माणसाचं वजन पडतं, अशी माझी समजूत होती.

आयोगातून फोन आला तो एफी नावाच्या बाईंचा. बाई कसली, आवाजावरून तिशीतली मुलगी. पहिल्याच वाक्याला "डेन्झिल" म्हणाली, जणू आम्ही एका वर्गात होतो.

"डेन्झिल, तुझा फॉर्म वाचला. सगळ्या ऑफिसने वाचला. पण ती आरोग्यसेवा धंदा करते याचा पुरावा काय?"

"डबा आहे."

"डब्यात टाकणं सक्तीचं आहे का?"

"नाही, पण सगळे टाकतात."

"मग ती देणगी झाली ना?"

मी फोन ठेवला तेव्हा माझी मान ताठ होती. पुरावा पाहिजे तर पुरावा. लोथारचं म्हणणं पडलं, की मी स्वतः गिऱ्हाईक होऊन जावं आणि पावती मागावी. आता विचार करा, एकतीस वर्षांचा पायांचा डॉक्टर, भर बुधवारी, सगळ्या गावासमोर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून प्लास्टिकच्या टबात पाय सोडून बसलेला. डावीकडे पोस्टमनची आई, उजवीकडे माझाच जुना पेशंट.  कोणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मॅक्सीनने माझा पाय मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "डेन्झिल, ही नखं कोण कापतं रे तुझी?"

"मीच."

"दिसतंय."

हे वाक्य मी फॉर्ममध्ये लिहिलं नाही. पण विसरलोही नाही. निघताना मी डब्यात दोन डॉलरचं नाणं टाकलं, चांगलं वाजवून टाकलं, आणि पावती मागितली.

"कसली पावती? बिस्किटांचे पैसे आहेत ते. चहाबरोबर दोन खाल्लीस ना तू?"

"आणि मी नाणं टाकलं नसतं तर?"

"नसतं टाकलं तर नसतं टाकलं," मॅक्सीन म्हणाली आणि पुढचा पाय घेतला.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. सक्ती नाही म्हणतात, पण न देणाऱ्याला गाव सुखाने जगू देतं का? देत नसेल, तर ती देणगी कसली, ती सरळ किंमत आहे. आणि किंमत आहे तिथे धंदा आहे. हे सिद्ध करायचं तर कोणीतरी न देऊन पाहायला हवं. नोएलीन म्हणाली, "करू नकोस, डेन." पण शास्त्रासाठी माणसं स्वतःला रोग टोचून घेतात, मी तर फक्त दोन डॉलर खिशात ठेवणार होतो.

पुढच्या बुधवारी मी पाय धुवून घेतले, बिस्किटं तीन खाल्ली आणि डब्याकडे पाहत पाहत, काही न टाकता, बाहेर पडलो. मागे हॉलमध्ये कोणीतरी चमचा खाली ठेवला.

बातमी माझ्याआधी बेकरीत पोचली होती. मी रोजची पॅस्टी मागितली, मटण-बटाटा भरलेली. मायराने ती कागदात गुंडाळली आणि सॉसची बाटली काउंटरखाली ठेवली.

"सॉस?" मी विचारलं.

"सॉसचे वेगळे पडतील. तू फुकट घेतोस असं कळलं, म्हणून आधीच सांगते."

तिच्या भोवरीचा विषय मी काढू शकलो असतो, पण व्यवसायाची काही नीती असते. शनिवारी क्लबात, बक्षिसात मटण मिळतं त्या सोडतीचं तिकीट घ्यायला हात पुढे केला तर तिकीटवाला म्हणाला, "नक्की ना, डेन्झिल? याचे द्यावे लागतात." चर्चमध्ये देणगीची थैली फिरत आली, ती माझ्यापाशी आल्यावर सगळा बाक माझ्या हाताकडे पाहायला लागला. मी पाच डॉलरची नोट टाकली, तरी मागून आवाज आला, "आता लाज वाटली वाटतं."

मला सांगायला हरकत नाही, हे लागलं. गावात माझ्या नावाचा पूल नाही, पुतळा नाही, पण इतकी वर्षं लोक मला बघून हात वर करत होते. ते हात आता खिशात राहायला लागले. पण आतून मी खूश होतो, कारण माझा मुद्दा सोळा आणे खरा ठरत होता. मी एफीला सहा पानांचं पत्र लिहिलं : सॉस, सोडत, चर्च, तारखांसकट. लोथारने साक्षीदार म्हणून सही केली आणि वर नगर परिषदेचा जुना शिक्का मारला. तो त्याच्याकडे कसा राहिला हे मी विचारलं नाही.

पत्राची एक प्रत मी आरोग्यसेवेलाही पाठवली. लढाई उघड असावी असं माझं मत आहे. तिकडे अ‍ॅडलेडच्या ऑफिसात त्यांचे वकील बसतात. त्यांनी ती वाचली आणि त्यांना घाम फुटला असावा, कारण आठवड्याच्या आत हुकूम आला : डबा काढा. नाणं नको, बिस्किटं नकोत, सगळं पूर्ण मोफत. डबाच नाही तर धंदा कुठला?

मोफत म्हटल्यावर हॉलमध्ये रांग लागेल असं वकिलांना वाटलं असणार. त्यांना आमचं गाव ठाऊक नाही. पहिल्या बुधवारी मंडळी आली, डब्याची जागा रिकामी पाहिली आणि नाणं हातात घेऊन उभी राहिली. पोस्टमनच्या आईने विचारलं, "हे ठेवू कुठे?" मॅक्सीन म्हणाली, "कुठेच नाही, आता फुकट आहे." म्हातारीने नाणं पर्समध्ये टाकलं, सँडल घातले आणि घरी गेली. आमच्या माणसांना दोन डॉलर देऊन सरकारकडून काहीही चालतं. फुकट दिलं की ते दान होतं, आणि दान घेणारी माणसं पोर्ट कॅलोवेत राहत नाहीत. पुढच्या बुधवारी मॅक्सीन चार टब भरून एकटी बसली होती.

आता ती गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला हवी होती. आली नाहीत. ज्याने नाणं टाकलं नाही आणि वर डबाही बंद करवला, त्याच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. सरकारकडे कोणी जाईना, खासगीकडे कोणी येईना. उन्हाळा, सगळ्यांच्या पायात उघडे सँडल, आणि गावभर नखं वाढत होती. मी खिडकीतून बघत होतो. डॉक्टर म्हणून सांगतो, बघवत नव्हतं.

मार्च संपताना एका दुपारी फोन वाजला. मॅक्सीन.

"डेन्झिल, पिशवी घे आणि ओलिव्ह ट्रेव्हेनांकडे ये. आत्ता."

ओलिव्ह ट्रेव्हेना म्हणजे माझ्या दवाखान्याची पहिली पेशंट. वय त्र्याऐंशी, एकट्या राहतात, मधुमेह. यांच्या पायाला साधं खरचटलं तरी मी झोपत नसे. बाईंनी दोन-तीन आठवडे वाट पाहून, फुकटही नको आणि डेन्झिलही नको म्हणून, नवऱ्याची मेंढ्यांची लोकर कापायची कात्री काढली होती आणि स्वयंपाकघरात बसून स्वतःच नखं कापली होती. उजव्या अंगठ्याला चांगली खोल जखम होती, कडेने लाल झालेली.

मी खाली बसलो. मॅक्सीनही बसली. उजवा पाय माझ्याकडे, डावा तिच्याकडे. मी जखम साफ केली, मग पुन्हा एकदा साफ केली. अंगठा वाचेल अशी माझी खात्री होती, पण अजून दोन दिवस गेले असते तर ती नसती. हे सगळं कशामुळे झालं हे मला कळत होतं. मॅक्सीनला कळत होतं. आणि ती डाव्या पायाची नखं तपासत राहिली.

बोलल्या त्या ओलिव्हबाई. "बाळा, मला पाय दोनच आहेत. तुम्हा दोघांचं भांडण मिटेस्तोवर मी ते टिकवायचे कसे?"

"मिसेस ट्रेव्हेना, हा तत्त्वाचा प्रश्न..."

"तत्त्व तुझं, अंगठा माझा. आता इथेच ठरवा दोघं. ठरल्याशिवाय चहा मिळणार नाही."

मग ठरलं. सोडतीच्या तिकिटांचा एक जुना कागद होता, त्याच्या पाठीवर मॅक्सीनने लिहिलं. बुधवार तिचा, त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवायचा. साधी नखं, मधुमेहवाले आणि पंचाहत्तरीच्या वरचे तिच्याकडे. भोवऱ्या, आत वाढलेली नखं, टाचांच्या भेगा माझ्याकडे. त्यांना तिने हात लावायचा नाही, येतील ते माझ्याकडे पाठवायचे. डबा परत ठेवायचा, वकिलांना ती बघून घेईल. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून ओलिव्हबाईंची.

पुढच्या बुधवारी मी हॉलमध्ये गेलो, सगळ्यांसमोर डब्यात दोन नाणी टाकली, एक आजचं, एक मागचं, आणि बाहेर आलो. गुरुवारी मायरा आपली भोवरी घेऊन माझ्याकडे आली. दोन आठवड्यांत वही इतकी भरली, की नोएलीनला समासात नावं लिहावी लागली. ओलिव्हबाईंचा अंगठा सुकत होता. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं.

पण तक्रार अजून उभी होती आणि माझ्या हातात तर आता हुकमाचा एक्का आला होता. सरकारी संस्था टेबलाशी बसते, गिऱ्हाइकं वाटून घेते, सही करते. याहून मोठा धंदा तो कोणता? मी कागदाची प्रत काढली, 'निर्णायक पुरावा' असं लाल शाईने वर लिहिलं आणि सोबत माझं पत्र जोडून एफीला पाठवून दिली. लोथारचा शिक्का होताच.

सोमवारी सकाळी फोन आला. नोएलीन समोर बसून पेशंटांना वेळा देत होती.

"डेन्झिल," एफी म्हणाली, "बसला आहेस ना? मी तुला सल्ला देऊ शकत नाही, तो माझा अधिकार नाही. मी फक्त तुझंच पत्र तुला वाचून दाखवते. 'आम्ही दोघांनी आपसांत दिवस व पेशंट वाटून घेतले असून एकमेकांच्या वाट्यात जाणार नाही.' हे तूच लिहिलंस?"

"मीच. सहीसकट."

"बरं. आता समज, तुझं म्हणणं खरं आहे. ती आरोग्यसेवा धंदाच करते. मग एकाच गावातल्या दोन धंद्यांनी गिऱ्हाइकं वाटून घेतली. त्याला या देशात काय म्हणतात ठाऊक आहे?"

"समजूतदारपणा?"

"संगनमत. मोठ्या माणसांना त्यासाठी तुरुंग आहे, डेन्झिल. लहानांना तिथे गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही, कारण लहान माणसं सहसा पुरावा स्वतः पोस्टाने पाठवत नाहीत."

 माझ्या डोळ्यासमोर मॅक्सीन आली, मग त्या कागदावरची तिची सही.

"आणि समज, ती धंदा करत नाही," एफी पुढे म्हणाली, "नुसती आरोग्यसेवा आहे. मग तो कागद म्हणजे नर्स आणि डॉक्टर यांनी पेशंटांची सोय पाहिली, एवढंच. आमचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त मग तुझी तक्रारही उरत नाही. सात आठवड्यांची. एक हजार सहाशे एकवीस पायांची. फाईल माझ्यासमोर उघडी आहे. सांग, ती धंदा आहे की नाही?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या फुटपाथवरून ओलिव्हबाई क्लबकडे चालल्या होत्या, अंगठ्याला पट्टी, पण पाय नीट टाकत. माझ्या बाजूने सगळी कारणं होती. सॉसचं होतं, चर्चचं होतं, ती अजूनही मला बिनतोड वाटतात, आणि कुंपणाशी कोणी भेटला तर मी आजही ती मांडून दाखवीन. पण तो कागद गेला असता तर बुधवार गेला असता, मॅक्सीनची नोकरी गेली असती, आणि ती कात्री अजून ओलिव्हबाईंच्या खणात होती.

"एफी," मी म्हटलं, "रुग्णसेवेला धंदा म्हणणाऱ्या माणसाची मला कीव येते."

"म्हणजे तक्रार मागे घेतोस?"

"घेतो."

"कारणाच्या रकान्यात काय लिहू? 'वैयक्तिक' लिहिलं तरी चालतं."

"नको. स्वच्छ लिही. डेन्झिल पेन्हॉल चुकला."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "लिहिलं," एफी म्हणाली. "आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नोएलीनने पेन खाली ठेवलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, लग्नात पाहिलं होतं त्यापेक्षाही टक लावून.

"चौतीस वर्षं," ती म्हणाली, "चौतीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले आहे, डेन. आणि तू ते सरकारला सांगितलंस."